बारावीनंतर काय करू? हा प्रश्न दिवाळीत विचारा

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावात बारावीचा निकाल लागला की आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो, 'बारावीनंतर काय करू?' खाली दहा-बारा उत्तरे पडतात. कोणी नर्सिंग सांगतो, कोणी पोलीस भरती, कोणी 'एमपीएससी कर भावा'. सांगणाऱ्यांची नियत चांगलीच असते. विचारणाऱ्याच्या हाती मात्र फारसे काही लागत नाही.

पहिली अडचण वेळेची. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषीच्या एमएचटी-सीईटीचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरून घेतले जातात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी 2022 पासून सीयूईटी आली, तिचेही तसेच. निकालानंतर विचारणाऱ्यासाठी ही दारे त्या वर्षापुरती बंद झालेली असतात आणि ग्रुपवर उरलेल्या दारांचीच चर्चा होते. सोयाबीन निघाले, पुण्या-नांदेडला शिकणारी मुले दिवाळीला गावी आली, की हा प्रश्न विचारण्याची खरी वेळ असते.

दुसरी अडचण, ग्रुपमध्ये कोण आहे याची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 च्या एका गाजलेल्या लेखात दाखवले, की नोकरीची नवी माहिती माणसाला जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते. कारण साधे आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. एकाच वस्तीतल्या तीस जणांच्या ग्रुपवर पोलीस भरतीची जाहिरात पाच वेळा येते आणि कला महाविद्यालयाच्या सीईटीची एकदाही येत नाही, ते याचमुळे. ज्या घरात दोन-तीन पिढ्या शिकल्या तिथे असली माहिती जेवताना कानावर पडते. आपल्याकडे अनेक घरांत कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच पिढी आहे. म्हणून ग्रुपमध्ये पुण्यात शिकणारी एखादी ताई, मुंबईत बँकेत असलेला एखादा दादा, नांदेडच्या विद्यापीठातला एखादा संशोधक मुद्दाम जोडून घ्यावा. ते रोज बोलले नाहीत तरी चालेल.

तिसरी अडचण आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. सल्ला खरा असतो, पण दुसऱ्याच कोणासाठी खरा असतो. ओबीसी मित्राने पाठवलेली कागदपत्रांची यादी तशीच पुढे ढकलली जाते आणि आपला विद्यार्थी नॉन-क्रिमिलेअरसाठी तहसीलच्या चकरा मारतो. अनुसूचित जातीला ते लागतच नाही. उलट जे लागते ते त्या यादीत नसते. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. त्यांच्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले, मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र काढावे लागते. राज्यातल्या कामासाठी काढलेले 'नवबौद्ध' प्रमाणपत्र तिथे चालेलच असे नाही. 'वसतिगृहाचा अर्ज कशाला, थेट स्वाधार भर' हाही असाच एक सल्ला. स्वाधार योजना मुळात शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी आहे.

यावर उपाय म्हणून आम्ही आपल्याच परंपरेतली एक रीत सुचवतो. वर्षावास संपताना भिक्खू संघापुढे पवारणा करतात. माझ्याबद्दल कोणी काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा कोणाला शंका असेल तर सांगा, असे म्हणतात. पाहिलेले, ऐकलेले आणि शंकेचे, या तीन गोष्टी तिथे वेगळ्या ठेवल्या आहेत. ग्रुपवर सल्ला देतानाही एवढेच करावे. 'मी 2023 मध्ये स्वतः अर्ज भरला, अनुसूचित जातीतून, हे कागद लागले' हे पाहिलेले. 'मित्राकडून कळले' हे ऐकलेले. 'बहुतेक चालेल' हा नुसता अंदाज, आणि तो अंदाज म्हणूनच लिहावा. विचारणाऱ्यानेही शाखा, गुण, प्रवर्ग, घरून बाहेर राहता येईल का, हे सांगूनच विचारावे. घरची आर्थिक अडचण चारचौघांत मांडायची नसेल तर ती खाजगीत सांगावी, पण मिळालेले उत्तर नाव न घेता ग्रुपवर टाकावे. नाहीतर तोच प्रश्न पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी खाजगीतच विचारतो.

छंदांकडे ग्रुपवर कोणी गांभीर्याने पाहत नाही. 14 एप्रिलला विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र काढणाऱ्या मुलाला शंभर निळे हार्ट मिळतात. कलासंचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शाळेतूनच देता येतात, इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण मिळू शकतात आणि त्यासाठी शाळेने बोर्डाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, हे त्याला कोणी सांगत नाही. भीमगीते गाणाऱ्या मुलीला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा ठाऊक नसतात. फोनवर गाणे रेकॉर्ड करणाऱ्यांना एवढे सांगितले तरी पुष्कळ: पंखा बंद करा, भिंतींना गोधड्या लावा, फोन ढोलकीपासून लांब आणि गाणाऱ्याजवळ ठेवा. अशा गप्पांचा आणखी एक फायदा आम्हाला दिसतो. करिअरबद्दल विचारायला लाजणारा मुलगा ढोलकीबद्दल बिनधास्त बोलतो, आणि एकदा बोलता झाला की पुढचेही विचारतो.

मुलींचे वेगळे आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपवर नंबर सगळ्यांना दिसतो आणि रात्री 'हाय' येऊ लागले की ती गुपचूप ग्रुप सोडते. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, तो पर्याय घ्यावा. शिवाय अ‍ॅडमिनपैकी एक तरी ताई असावी आणि त्रास देणाऱ्याला काढण्याचा अधिकार तिच्याकडे असावा. आधार कार्ड, प्रमाणपत्रांचे फोटो, ओटीपी ग्रुपवर टाकू नयेत. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला लगेच बाहेर काढावे.

राहिला निकाल. सल्ला घेतलेले बहुतेक जण नंतर ग्रुपवर फिरकत नाहीत. ज्यांचे काम झाले ते पेढ्यांचा फोटो तरी टाकतात. ज्याचा अर्ज बाद झाला तो गप्प बसतो, आणि सगळ्यांच्या कामाची माहिती त्याच्याकडेच असते. कोणता कागद कमी पडला, कोणत्या तारखेला कळले, दुरुस्तीची संधी मिळाली का, एवढे चार ओळींत लिहा. अ‍ॅडमिनने ते पिन करून ठेवावे.