फराक्का पलीकडून वाचताना

पश्चिम बंगालमध्ये गंगेवर फराक्का इथे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा आहे. बांगलादेशची सीमा तिथून जवळच. 1975 साली तो सुरू झाला. भारतातली कागदपत्रं वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामागचं कारण लगेच सापडतं: कोलकाता बंदर गाळाने भरत होतं, म्हणून 38 किलोमीटरच्या कालव्यातून गंगेचं पाणी भागीरथीत वळवायचं ठरलं. यात खोटं काही नाही. पण पाणी असं वळवण्याच्या निषेधार्थ 16 मे 1976 रोजी मौलाना भाशानी या नव्वदी ओलांडलेल्या बांगलादेशी नेत्याने राजशाहीहून फराक्काच्या दिशेने प्रचंड मोर्चा काढला. बांगलादेशात तो दिवस आजही ‘फराक्का दिन’ म्हणून आठवला जातो. हे माहीत नसलेल्या अभ्यासकाला पाण्याचे आकडे सांगता येतील, ढाक्यातला राग मात्र समजावता येणार नाही.

शेजारी देशांच्या संबंधांचा अभ्यासक घडवायचा म्हणजे त्याला अशी दुसरी बाजू वाचायला लावायची. ती पटलीच पाहिजे असं नाही. पण ती नेमकी काय आहे, हे त्या देशाच्या माणसालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडता आलं पाहिजे.

फराक्काचंच उदाहरण पुढे नेलं तर या शिक्षणाला किती अंगं आहेत ते दिसतं. 12 डिसेंबर 1996 रोजी भारत आणि बांगलादेशने 30 वर्षांचा गंगा पाणीवाटप करार केला. जानेवारी ते मे या टंचाईच्या महिन्यांत दर दहा दिवसांचा प्रवाह मोजायचा आणि तो 70 हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं, असं त्यात ठरलं. म्हणजे विद्यार्थ्याला जलशास्त्राची तोंडओळख हवी, कराराचं कलम वाचता यायला हवं आणि कोलकात्याचं राजकारणही कळायला हवं. 1996 च्या करारामागे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा पाठिंबा होता. 2011 मध्ये तिस्ता नदीचा करार मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या विरोधामुळे अडला. परराष्ट्र धोरण फक्त दिल्लीत ठरतं असं मानणाऱ्या विद्यार्थ्याचा गैरसमज दूर करायला एवढी दोन उदाहरणं पुरतात.

भारतात या शिक्षणाची पायाभरणी लवकर झाली होती. 1955 मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झालं. त्यामागे दोन माणसं होती: संचालक अ. अप्पादोराय आणि हृदयनाथ कुंझरू. गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे हे कुंझरू अध्यक्ष होते. देशसेवेसाठी आधी देशाचा कसून अभ्यास हवा, हा गोखल्यांचा आग्रह त्यांनी सीमेपलीकडे नेला, असं म्हणायला हरकत नाही. 1970 मध्ये ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. त्याच विद्यापीठात उर्मिला फडणीस यांनी दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवला. श्रीलंकेतला धर्म आणि राजकारण यांवरचं त्यांचं पुस्तक 1976 सालचं. बौद्ध भिक्षुसंघ राजकारणात कसा उतरतो, हे त्यात त्यांनी तपासलं. शेजारी देशाचं अंतरंग कळल्याशिवाय त्याचं परराष्ट्र धोरण कळत नाही, हे अशा कामातून शिकता येतं.

खरी उणीव आहे ती एकत्र बसून शिकण्याची. भारतीय आणि पाकिस्तानी विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशाचा व्हिसा मिळणं इतकं कठीण की त्यांच्या भेटी बहुधा तिसऱ्या देशातच होतात. म्हणूनच सार्क देशांनी मिळून उभारलेलं दक्षिण आशियाई विद्यापीठ मोलाचं आहे. 2010 मध्ये दिल्लीत त्याचे वर्ग सुरू झाले. ढाका, काठमांडू, काबूल, कोलंबो इथली मुलं एकाच वर्गात फाळणी किंवा 1971 चं युद्ध शिकतात, तेव्हा प्रत्येकाच्या शालेय पुस्तकातली कथा वेगळी निघते. तो वाद वर्गात होणं हेच मोठं प्रशिक्षण. सार्कची शिखर परिषद 2014 नंतर झालेली नाही. अशा काळात हे विद्यापीठ जपायलाच हवं.

मराठी विद्यार्थ्याला एक वाट तर अगदी सोपी आहे. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते. काठमांडूचं ‘कान्तिपुर’ दैनिक तो पहिल्या दिवसापासून अडखळत का होईना वाचू शकतो. भारतीयाला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. ललितपूरच्या मदन पुरस्कार पुस्तकालयात नेपाळी पुस्तकं आणि नियतकालिकांचा मोठा साठा आहे. 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारावर नेपाळच्या वतीने राणा पंतप्रधानांनी सही केली आणि भारताच्या वतीने राजदूताने; काही महिन्यांतच राणांची सत्ता कोसळली. हा दर्जाचा फरक आणि ती वेळ नेपाळी चर्चेत वारंवार का येते, याचा शोध पुण्या-मुंबईचा विद्यार्थी घेऊ शकतो. त्यासाठी विद्यापीठांनी वर्षभराचा नेपाळी भाषावर्ग आणि तीन-चार महिने काठमांडूत राहण्यापुरती शिष्यवृत्ती द्यावी. हा खर्च त्यांच्या आवाक्यातला आहे.