जुन्या संगणकातील मुदत संपलेले अँटिव्हायरस कसे काढावे?



सातबारा उतारा काढणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, सभासदांचे हिशेब ठेवणे, बँकेचे व्यवहार करणे अशा कामांसाठी शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संस्था, रोपवाटिका व कृषी सेवा केंद्रांना आता संगणक लागतोच. नवीन संगणक परवडत नसल्यास शहरातील कार्यालयांनी वापरून काढलेला संगणक घेतला जातो. त्यात गैर काही नाही. मात्र खंडाने जमीन घेताना आपण आधी तिच्यात हराळी व लव्हाळा किती आहे ते पाहतो. तसेच जुना संगणक घेताना त्यात आधीच्या मालकाचे अँटिव्हायरस शिल्लक आहे का, हे पाहणे गरजेचे आहे.

मुदत संपलेले अँटिव्हायरस घातक का?

नवनवीन व्हायरस सतत तयार होत असतात. त्यांची ओळख पटविणारी माहिती अँटिव्हायरसची कंपनी इंटरनेटवरून वरचेवर पाठवीत असते. वर्गणीची मुदत संपली की ही माहिती येणे बहुधा थांबते. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्ह मात्र तसेच दिसत राहते व आपला समज होतो की संगणक सुरक्षित आहे.

विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हे संरक्षण मोफत मिळते. परंतु दुसरे अँटिव्हायरस कार्यरत म्हणून नोंदलेले असेल तर डिफेंडर आपोआप बाजूला होतो. म्हणजे नजर अधू झालेला जुना राखणदार फाटकही सोडत नाही आणि नव्याला उभेही राहू देत नाही. त्यावर आणखी एक अँटिव्हायरस बसविल्यास दोन्ही प्रत्येक फाईल तपासू लागतात. परिणामी संगणक मंद होतो किंवा अडकून पडतो.

संस्थेच्या संगणकात सभासदांचे आधार क्रमांक व बँक खात्यांची माहिती असते. ती चोरीस गेल्यास किंवा व्हायरसने सर्व फायली कुलूपबंद करून खंडणी मागितल्यास नुकसान एका व्यक्तीचे न राहता सर्व सभासदांचे होते.

ते सहजासहजी का निघत नाही?

व्हायरसने अँटिव्हायरसलाच बंद पाडू नये म्हणून त्यात स्वसंरक्षणाची सोय केलेली असते. त्याचे काही भाग विंडोजबरोबरच सुरू होतात व चालू असताना पुसता येत नाहीत. कार्यालयातील संगणकांत ते काढण्यासाठी बहुधा पासवर्डही घातलेला असतो. अशा वेळी अनेकजण त्याचे फोल्डरच पुसून टाकतात. ही पद्धत चुकीची आहे. हराळीचे पाते खुडले तरी जमिनीतील काशा पुन्हा फुटतात. त्याचप्रमाणे फोल्डर गेले तरी विंडोजमधील नोंदी व ड्रायव्हर मागे राहतात. पुढे इंटरनेट बंद पडणे किंवा नवे अँटिव्हायरस न बसणे अशा तक्रारी त्यातूनच उद्भवतात.

पूर्वतयारी

१) संगणक नुकताच घेतला असेल व त्यात आपली काहीही माहिती नसेल, तर अँटिव्हायरस काढत न बसता विंडोज नव्याने बसवावी. हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

२) संगणक वापरात असल्यास हिशेब, कागदपत्रे व छायाचित्रे यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

३) अँटिव्हायरसचे पूर्ण नाव व आवृत्ती लिहून ठेवावी. पासवर्ड असल्यास तो विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

४) डिस्कवर बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे. असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. जुन्या सुरक्षा प्रणालीनेच डिस्क कुलूपबंद केली असेल, तर आधी ते कुलूप उघडावे. अन्यथा आतील माहिती कायमची हातची जाऊ शकते.

५) काम अर्धवट असताना वीज गेल्यास विंडोज बिघडू शकते. म्हणून यूपीएसची सोय असावी. लॅपटॉप असल्यास तो चार्जरला जोडून ठेवावा.

काढण्याची पद्धत

पहिली पायरी : सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीत किंवा कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रॅम्स अँड फीचर्समध्ये अँटिव्हायरसचे नाव शोधून अनइन्स्टॉल करावे. त्यानंतर संगणक रीस्टार्ट करावा. एकाहून अधिक अँटिव्हायरस असल्यास एका वेळी एकच काढावे व प्रत्येक वेळी रीस्टार्ट करावे.

दुसरी पायरी : वरील पद्धतीने न निघाल्यास त्याच कंपनीचे काढणी साधन वापरावे. बऱ्याच कंपन्या असे साधन मोफत देतात. उदाहरणार्थ, मॅकॅफीचे एमसीपीआर, अवास्टचे अवास्ट क्लिअर, कास्परस्कीचे कावरिमूव्हर व ईसेटचे अनइन्स्टॉलर. एका कंपनीचे साधन दुसऱ्या कंपनीच्या अँटिव्हायरससाठी वापरू नये. साधन त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

तिसरी पायरी : साधनाच्या सूचनेत सांगितले असल्यास ते सेफ मोडमध्ये चालवावे. साध्या सेफ मोडमध्ये इंटरनेट नसते, म्हणून साधन आधीच उतरवून ठेवावे. शिफ्ट कळ दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करावे. नंतर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स व स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट निवडावे. येणाऱ्या यादीत ४ हा अंक दाबल्यास सेफ मोड सुरू होतो. या मोडमध्ये अँटिव्हायरसचे बहुतेक भाग सुरूच होत नाहीत, त्यामुळे ते मुळासकट काढता येते.

काढल्यानंतर काय करावे?

१) विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरसविषयक संरक्षण चालू असल्याची खात्री करावी. विंडोज अपडेट करून घ्यावी व एकदा पूर्ण तपासणी चालवावी.

२) इंटरनेट बंद पडल्यास सेटिंग्जमधील नेटवर्क रिसेट वापरावे. वायफायचा पासवर्ड नंतर पुन्हा द्यावा लागतो, तो जवळ ठेवावा.

३) एका वेळी एकच अँटिव्हायरस ठेवावे.

एवढे करूनही न निघाल्यास

अशा वेळी विंडोज नव्याने बसवावी. ‘रिसेट धिस पीसी’ या सोयीने काही संगणकांत कंपनीने मुळात भरून दिलेले अँटिव्हायरस परत येऊ शकते. म्हणून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज घेऊन ती बसविणे चांगले. संगणकावरील विंडोजचा परवाना मूळचा असेल, तर तीच आवृत्ती बसविल्यावर व इंटरनेट जोडल्यावर तो सहसा आपोआप लागू होतो. हिशेबासाठी टॅली वापरीत असल्यास त्याचा परवाना आधी सरेंडर करावा. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे सॉफ्टवेअरही नंतर पुन्हा बसवावे लागते.

नव्याने विंडोज बसविताना एखाद्या अनोळखी कंपनीचे लॉगिन मागितले गेल्यास तो संगणक अद्याप जुन्या कार्यालयाच्या ताब्यातून सुटलेला नाही असे समजावे व विक्रेत्याला परत करावा.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून विंडोज ११ चालू शकेल असाच संगणक निवडावा.

फसवणुकीपासून सावध राहा

अँटिव्हायरस निघत नाही म्हणून इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधू नये. तेथे भामट्यांचेही नंबर असतात. ते संगणकाचा ताबा मागतात व बँक खाते रिकामे करतात. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असा संदेश पडद्यावर आला तरी फोन करू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेलाही कळवावे.

हे काम एका दिवसात उरकण्यासारखे आहे. पेरणीपूर्वी काशा वेचल्या नाहीत तर हंगामभर खुरपणीचा खर्च करावा लागतो. तेव्हा जुना संगणक आणल्यावर त्यात सभासदांची यादी किंवा बँकेचा पासवर्ड भरण्यापूर्वीच ही सफाई उरकून घ्यावी.