श्वानाचे मार्जन आणि स्नेह

आषाढाची सर ओसरल्यावर डोंबिवली स्थानकाच्या जिन्याखाली किंवा ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी आडोशाला आलेले भटके कुत्रे आधी सर्वांग झाडते, मग पंजे चाटते आणि अखेरीस पुढच्या बारीक दातांनी केस कुरतडत पिसवा नि गोचिडी शोधू लागते. या खटाटोपात मांजराची डौलदार टापटीप नसली, तरी बंदोबस्त चोख असतो. मानेचा जो मुलूख जिभेच्या अमलाखाली येत नाही, तेथे मागचा पाय रुजू होतो, आणि हे खाजवणे मेंदूच्या आज्ञेवाचून केवळ मज्जारज्जूच्या हुकुमावर चालू शकते, हे शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच सिद्ध केले होते. एकच पंजा अहोरात्र चाटला जात असेल, तर मात्र ती स्वच्छता नसून व्याधी समजावी.

परंतु जी जीभ अंग स्वच्छ करते, तीच धन्याच्या हातावरून का फिरते? डोळे-कान मिटलेल्या अवस्थेत जन्मलेल्या पिल्लांना प्रारंभी मलमूत्रविसर्जनही आपले आपण साधत नाही. कुत्री त्यांचे पोट चाटते तेव्हाच ते घडते, आणि त्यामुळे शुचिता, ऊब व निर्धास्तपणा यांची पहिली ओळख पिल्लाला मातेच्या जिभेनेच होते. चाटण्याची सवय या संगोपनातून उगवून पुढे प्रेमभावनेशी निगडित झाली असावी, असा तर्क डार्विनने 1872 साली प्रसिद्ध केलेल्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात मांडला. लांडग्यांची पिल्ले शिकारीहून परतलेल्या वडीलधाऱ्यांचे तोंड चाटतात, ती त्यांनी घास ओकून द्यावा म्हणून. तेव्हा रात्रीच्या कल्याण लोकलने घरी पोहोचलेल्या गृहस्थाच्या तोंडाकडे पाळीव कुत्रे झेपावते, त्यात त्या पुरातन याचनेचा अंश उरलेला असणार. त्याने प्रेमाला उणेपणा येतो असे मला वाटत नाही. माणसांच्या प्रेमाचे दफ्तर तरी कोण तपासतो?

रस्त्यावरच्या कुत्र्याची माया भाकरीच्या तुकड्यापुरती, हा समजही तपासण्याजोगा आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतील अनिंदिता भद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपरिचित माणसाने वारंवार खाऊ घालण्यापेक्षा वारंवार कुरवाळल्याने भटकी कुत्री त्याच्यावर अधिक विश्वास टाकू लागल्याचे आढळले.

हा स्नेह स्वीकारताना तारतम्य हवे. कुत्र्याच्या लाळेत काही जंतूंना मारक द्रव्ये असली, तरी रेबीजचा विषाणू येतो तोही लाळेतूनच. कानाला खाच असलेले कुत्रे निर्बीजीकरण करून व लस टोचून पुन्हा त्याच वस्तीत सोडलेले असते. मात्र लशीचा प्रभाव जन्मभराचा नसतो. धडधाकट कातडी चाटली गेल्यास, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे, लशीची गरज नाही. पण जखमेवर, डोळ्यांत किंवा तोंडात लाळ गेली, तर संघटना त्याची गणना चाव्याच्याच वर्गात करते. अशा वेळी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी, डोळे-तोंड नुसत्या पाण्याने स्वच्छ करावे आणि तडक महापालिकेचे रुग्णालय गाठावे.