गोधडीच ती, फक्त कागदाची

कपाटावरचा बिस्किटांचा जुना डबा खाली काढा. आत लग्नपत्रिकेवरून कापलेले गणपती निघतील, दिवाळी अंकाचं फाटलेलं मुखपृष्ठ, एसटीची तिकिटं, दसऱ्याचं वाळलेलं आपट्याचं पान, एखाद्या विरलेल्या इरकलीचा काठ. ‘राहू दे, कधीतरी कामाला येईल’ म्हणून ठेवलेलं हे सगळं. तर ते ‘कधीतरी’ आता आलंय. चित्रं, कात्रणं, कापड, रंग आणि चार ओळींचा मजकूर एकाच वहीत नांदवायचा, या छंदाला आर्ट जर्नल म्हणतात. फोटोंची वही स्वतः शिवली की झाला हातचा अल्बम. मोठ्या शहरांत यासाठी तयार सामानाची महागडी पाकिटं मिळतात. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेडकडच्या माणसाला खिशात फार खोल हात घालायची गरज नाही. सामान घरात आहे, रानात आहे, उरलेलं मोंढ्यात आहे. त्याच सामानाच्या या काही गमती.

१. अल्बम म्हणजे ठिगळांचा झगा

इराणी आणि मुघल दरबारांत चित्रं आणि सुलेखनाचे नमुने कापून, त्यांना नक्षीदार कडा लावून एकत्र बांधत. त्या अल्बमचं नाव ‘मुरक्का’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ठिगळं जोडलेलं, आणि सूफी फकिरांच्या ठिगळाठिगळांच्या झग्यालाही हाच शब्द. परभणीत दर फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. तिथे कुणा फकिराच्या अंगावर असा झगा दिसला, तर बादशहाचा अल्बम दिसला असं खुशाल समजा. आजीची गोधडी या दोघांची सख्खी बहीण.

२. कोरा करकरीत शब्द

‘अल्बस’ म्हणजे लॅटिनमध्ये पांढरा. प्राचीन रोममध्ये सरकारी सूचना पांढऱ्या फळ्यावर लिहीत, तो फळा म्हणजे ‘अल्बम’. ‘कोलाज’ हा शब्द फ्रेंच, चिकटवण्यावरून आलेला. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये कागदाचे तुकडे चित्रात डकवले आणि त्याची कला झाली. आपल्याकडे शब्द नव्हता, डकवणं मात्र जोरात चालू होतं.

३. लक्ष्मीला खरा जर

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत भिंतीवर आल्या. हौशी हातांनी मग त्या छापील देवींना नटवायला घेतलं. साडीच्या जागी खरं कापड, काठाला जर, गळ्यात मणी, मुकुटावर टिकल्या. छापील चित्र, शिवणकाम आणि जडावकाम एकाच चौकटीत आलं. हेच ते मिक्स्ड मीडिया. अशा नटवलेल्या तसबिरी आज संग्राहक शोधत फिरतात. नटवणाऱ्यांनी खाली सही काही केली नाही.

४. विद्या आणि मोरपीस

शाळेच्या दप्तरात आर्ट जर्नल सगळ्यांनीच केलंय. पुस्तकात ‘विद्येचं’ पान ठेवलं की अभ्यास येतो आणि मोरपिसाला खडूची भुकटी चारली की त्याला पिल्लू होतं, यावर ज्याचा विश्वास नव्हता असा मुलगा दाखवा! विद्येचं ते झाड म्हणजे मोरपंखी. वहीत टिकायला सगळ्यात सोयीचं पिंपळाचं पान. ते काही आठवडे पाण्यात कुजू दिलं की हिरवा गर सुटतो आणि शिरांची जाळी उरते. ती मऊ ब्रशने हलकेच धुवायची, जाड पुस्तकात दाबून वाळवायची. एवढी नाजूक लेस बाजारात मिळणार नाही.

५. ‘जुज’ धरा, वही शिवा

बाइंडरकडे जाऊन ‘सिग्नेचर’ मागितलीत तर तो पेन पुढे करेल. ‘जुज’ म्हणा. घड्या घालून एकात एक सरकवलेल्या कागदांचा गठ्ठा म्हणजे जुज, आणि असे गठ्ठे शिवून केलेली बांधणी म्हणजे जुजबंदी. शब्द अरबी, मुक्काम मराठी.

पहिली वही अशी करा. चार कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, सोळा पानं झाली. घडीवर तीन भोकं पाडा: एक मध्यावर, एक वर, एक खाली. हत्यार म्हणून पोती शिवायचा बारीकसा दाभण चालतो, मोंढ्यात सहज मिळतो. दोऱ्याला मेण चोळून घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्यातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टोक ठेवून गाठ मारा. संपलं. चहा उकळेपर्यंत वही तयार.

६. कागदालाही कल असतो

गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. ज्या बाजूला मुकाट वाकतो, तिकडून घडी नीट बसते. उलट्या बाजूने घडी घातली तर ती तडकते आणि खळ लावल्यावर पान वाकडं होतं. हातकागदात तंतू सैरावैरा असतात, त्यामुळे त्याचा असा हट्ट नसतो.

७. खळ, डिंक आणि १९५९

फेविकॉल बाजारात आला १९५९ मध्ये. त्याआधी पुस्तकं काय हवेत चिकटत होती? मैद्याची खळ होती. एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या थंड पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. कीड लागू नये म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालत. ते विष आहे, घरात मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका, खळ थोडीथोडी ताजीच करा. आणि बांधावरची बाभूळ आहेच. तिचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवला की लिफाफे, तिकिटं, फोटोचे कोपरे चिकटवायला उत्तम.

८. पांढरं सोनं पानातही

वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं का पडतं? त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ऊन आणि हवा लागली की ते रंग बदलतं. कापसात लिग्निन जवळपास नसतंच, म्हणून सुती चिंध्यांपासून केलेला कागद वर्षानुवर्षं टिकतो. परभणीच्या कापूसपट्ट्यात हे सांगायला नको. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, देशी कपाशीचा एक वाणच ‘परभणी तुराब’ नावाने दिला आहे. तात्पर्य: कात्रण जपायचं असेल तर त्याची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून ती डकवा. मूळ कात्रण पाकिटात ठेवा.

९. शेजारचं कागदगाव

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली. त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कारागीरही आले, असं सांगतात. त्यांची वस्ती म्हणजे दौलताबाद आणि खुलताबादच्या मधला कागजीपुरा. मराठवाड्याच्या हातकागदाचं नाव या गावाशी बांधलेलं आहे. परभणीहून वेरूळला निघालात तर वाटेत थांबा.

१०. चौदा किलोची वही

जाड वहीची लाज वाटून घेऊ नका. भारताच्या संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली. पानं २६४, वजन १४ किलो. तिचा कागद आला होता पुण्याच्या हातकागद केंद्रातून. तुमची वही कितीही फुगली तरी या वहीपुढे पातळच.

११. देव झाला लेखनिक

गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग खुद्द विठ्ठलाने उतरवून घेतले, असं परंपरा सांगते. ज्यांना असा लेखनिक मिळाला नाही त्यांनी ‘बाड’ ठेवलं. बाड म्हणजे अभंग, पदं, आरत्या, कधी औषधाचा उतारा, कधी हिशेब, जे जपावंसं वाटेल ते उतरवलेली हस्तलिखित वही. आखणी नाही, विषय नाही, आवड एवढाच नियम. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी बाडं जपून ठेवलेली आहेत. इंग्रजीत कुणी ‘जंक जर्नल’ दाखवलं, तर त्याला बाड दाखवा.

१२. हळदीची जादू

हळदीच्या पाण्याने पान रंगवा, वाळू द्या. मग चुन्याच्या निवळीत काडी बुडवून त्यावर नाव लिहा. पिवळ्यावर लालभडक अक्षरं उमटतील. हळदीतला रंग चुन्याला भेटला की लाल होतो. पारंपरिक कुंकू करण्यामागेही हीच युक्ती. १ मे १९९९ पर्यंत हळदीचं वसमत परभणी जिल्ह्यातच होतं, त्या दिवशी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. नकाशा बदलला, पण हळद अजून हाकेच्या अंतरावर आहे. धुळवडीच्या आधी पळसाची फुलं उकळली की केशरी रंगही फुकट. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: हळद उन्हात फिकी पडते. हे पान मिटलेल्या वहीतच ठेवायचं.

१३. दख्खनी ढग

पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उतरवायच्या कलेचं नाव ‘अबरी’. फारसीत अब्र म्हणजे ढग. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्यांवर ही नक्षी असायची. पण नुसत्या नक्षीवर न थांबता तिच्यातून घोडे आणि माणसं उभी केली ती दख्खनच्या चित्रकारांनी. सतराव्या शतकातली विजापूरची अशी चित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. घरी करून बघायचं असेल तर मेथ्या भिजवून त्याचं बुळबुळीत पाणी गाळून घ्या. साध्या पाण्यापेक्षा त्यावर रंग जास्त वेळ तरंगतो.

१४. चार भाषांचं तिकीट

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याच्या जुन्या टपाल तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषा दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. आजोबांच्या ट्रंकेत असं पाकीट निघालं तर तिकीट उपटू नका, अख्खं पाकीट वहीला खिसा करून त्यात ठेवा. आणि आजच्या मशिनमधून निघालेल्या बसच्या तिकिटाचं काय? त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा थर असतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते अख्खं काळवंडतं नाहीतर कोरं होतं. त्याचीही झेरॉक्सच काढा.

१५. माशांचा कागद, लेखकाचं पेटंट

रंगीबेरंगी ‘वाशी टेप’वर पोरीबाळी फिदा आहेत. ती प्रसिद्ध करणारी जपानची कामोई कंपनी १९२३ मध्ये सुरू झाली, ती माशा पकडायचा चिकट कागद करायला! आणि पानावर आधीच गोंद लावलेल्या, नुसतं ओलं करून कात्रण दाबायच्या वहीचं पेटंट १८७३ मध्ये घेतलं कुणी? मार्क ट्वेनने.

१६. बहात्तरावं वर्ष धोक्याचं नाही

इंग्लंडच्या मेरी डिलेनी यांनी १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला घेतली. नजर जाईपर्यंत जवळपास हजार फुलं झाली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा.

१७. अल्बम जांभई का देतो

माझा पहिला अल्बम मिटायचाच नाही. पानात फोटो, चिंध्या, सुकी फुलं भरली, पण पाठीला जागा ठेवली नव्हती. तोंड उघडं टाकून तो फळीवर पडलेला असायचा. उपाय जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्येच होता: दर दोन पानांमध्ये शिवणीजवळ बोटभर रुंदीची एक पट्टी जास्तीची बांधायची. पट्टीइतकी जागा पाठीला मिळते आणि भरलेली वही शहाण्यासारखी मिटते.

१८. कसर काढा

वहीचा शत्रू म्हणजे कसर. जुन्या लोकांनी पोथ्या कापडात गच्च बांधल्या, त्यात वेखंडाचा तुकडा नाहीतर कडुनिंबाची सुकी पानं ठेवली. तुम्हीही ठेवा. सेलोटेप मात्र लावू नका. काही वर्षांत टेप सुटते आणि तिचा पिवळा डाग तेवढा राहतो.

आता शेवटचं. गोधडीतलं कुठलं ठिगळ कुणाच्या साडीचं, हे आजीला पाठ असायचं. हे आईच्या लुगड्याचं, हे थोरल्याच्या बारशातलं, हे मामाच्या धोतराचं. आजी गेली आणि ठिगळं मुकी झाली. वहीचं तसं होऊ देऊ नका. आज रात्री डबा उघडाल तेव्हा आधी कात्री नको, पेन्सिल घ्या. प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल लिहा. खळ उद्या शिजवली तरी चालेल.