गाढवाचे पाय धरणारी माणसं

गाढवाचा पाय उचलायचा तर आधी त्याच्या खांद्याशी थोडा वेळ नुसतं उभं राहावं लागतं. मग मानेवर हात, तिथून पाठीवर, आणि शेवटी पायावरून हळूहळू खाली. घाई केली की ते चारी पाय रोवतं, आणि मग दीड-पावणेदोनशे किलोच्या त्या जनावराला हलवणं एकट्यादुकट्याचं काम राहत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी असं आपण म्हणतो. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, सिडमथ गावाजवळच्या स्लेड हाउस फार्मवर मात्र या कामासाठी पगारी माणसं आहेत, आणि त्यांना त्यात काडीचाही कमीपणा वाटत नाही.

हे ‘द डाँकी सँक्च्युअरी’ या संस्थेचं मुख्य ठाणं. म्हातारा मालक वारला म्हणून पोरकी झालेली, हौसेने घेतली आणि मग झेपेनाशी झालेली, कुणाच्या परसात वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेली अशी गाढवं आणि खेचरं इथे येतात. आल्या आल्या त्यांना कळपात सोडत नाहीत. काही आठवडे वेगळं ठेवून दात, रक्त, जंत, खूर सगळं तपासतात. त्यात सर्वांत जास्त वेळ खातात ते खूर.

कारण गाढव मुळात या मुलखाचं नाही. जनुकांच्या अभ्यासावरून असं दिसतं, की सुमारे सात हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत माणसाने त्याला माणसाळवलं. कोरडी, खडकाळ जमीन आणि रोजची मैलोन्‌मैल चाल, त्यामुळे खूर वाढेल तसा झिजत जायचा. डेव्हनमध्ये पायाखाली मऊ हिरवळ आणि डोक्यावर बारमाही भुरभुर. गाढवाचा खूर घोड्याच्या खुरापेक्षा अरुंद आणि उभट असतो. तो ओल शोषतो, मऊ पडतो, तळव्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेतून माती आणि जंतू आत शिरतात आणि आतल्या आत पू धरतो. शिवाय झीज नाही म्हणून वाढतच राहतो. हेळसांड झालेल्या गाढवांचे खूर मोजडीच्या टोकासारखे वर वळलेले असतात आणि ती टाचांवर रेलून चालतात.

म्हणून दर सहा ते दहा आठवड्यांनी नालबंद. नालबंद म्हणायचं एवढंच, नाल तो क्वचितच ठोकतो. चिमट्याने वाढ कापायची, सुरीने तळवा साफ करायचा, कानशीने कड घासायची. वर्षानुवर्षं वाकडा वाढलेला खूर एका दमात सरळ करता येत नाही, कारण तोवर आतले सांधे आणि कंडरा त्या वाकडेपणाला सरावलेल्या असतात. आज थोडं, काही आठवड्यांनी आणखी थोडं, असं महिनोन्‌महिने चालतं. कधीकधी आतलं हाड इतकं बिघडलेलं असतं की क्ष-किरण पाहून डॉक्टर मान हलवतात. मग वेदनेतून सोडवणं एवढंच उरतं. प्राणी वाचवणाऱ्या संस्थांबद्दल लिहिताना ही बाजू सहसा गाळतात. ती गाळली तर या कामाचं निम्मं वजन कळत नाही.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. यॉर्कशरमध्ये १९३० साली जन्मलेल्या एलिझाबेथ स्वेंडसन पतीसह डेव्हनमधल्या ऑटरी सेंट मेरी इथे हॉटेल चालवायच्या. १९६९ मध्ये हौस म्हणून त्यांनी एक गाढवी घेतली. तिचं नाव ‘नॉटी फेस’. पुढे गाढवांची पैदास करावी असा विचार होता. पण एक्झिटरच्या बाजारात एका खुराड्यात कोंबलेली गाढवं त्यांनी पाहिली, ती व्यापाऱ्याच्या हाती जाताना पाहिली, आणि पैदाशीचा बेत मोडला. १९७३ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी व्हायोलेट फिलपिन नावाच्या, रेडिंगजवळ गाढवं सांभाळणाऱ्या बाई वारल्या आणि मृत्युपत्रात आपली २०४ गाढवं स्वेंडसनबाईंच्या नावे करून गेल्या. दागिने, घर, जमीन वारशात मिळते. इथे २०४ पोटं मिळाली. स्वेंडसनबाईंनी ती घेतली, आणि हौसेचं रूपांतर संस्थेत झालं ते खरं इथे. बाई २०११ मध्ये गेल्या.

पण स्लेड हाउस फार्मवर काम करणाऱ्यांची खरी कसोटी लागते ती गाढवाच्या गप्प बसण्यापुढे.

घोडा घाबरला की पळतो. पोटात कळ आली की लोळतो, घामाघूम होतो, पोटाकडे वळून वळून पाहतो. गाढव तसं करत नाही. विरळ चाऱ्याच्या मुलखात मोठे कळप नसायचे, पळून जायला सोबत नसायची, त्यामुळे थबकून अंदाज घेणं हा त्याचा स्वभाव झाला. आपण त्याला हट्टीपणा म्हणतो. दुखणंही ते तसंच आत ठेवतं. जीवघेणी पोटदुखी असतानाही ते फक्त मान खाली घालून उभं राहतं, किंवा चाऱ्यात तोंड घालतं पण चावत नाही. खाल्ल्याचं निव्वळ नाटक! म्हणून इथल्या सांभाळणाऱ्यांना पहिल्यांदा शिकवतात ते हे, की ‘आज जरा गप्प आहे’ ही तक्रार तातडीची समजायची. ताप, लंगडणं, जखम हे सगळं त्यानंतर.

घाई का, तर गाढवाच्या शरीरात एक विचित्र यंत्रणा आहे. ते जेवेनासं झालं, मग कारण दुखणं असो, प्रवास असो की नुसतं मन उदास असो, की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडू लागतं. उपासमारीतली ही सोय घोड्यालाही आहे, पण गाढवात ती सुरू झाली की थांबायचं नाव घेत नाही. रक्तात चरबीचा पूर येतो. नळीत काढून ठेवलेलं रक्त निथळल्यावर वरचा थर दुधाळ दिसतो. यकृत आणि मूत्रपिंड चरबीने भरतात, त्यामुळे भूक आणखी मरते, त्यामुळे आणखी चरबी सुटते. हायपरलिपीमिया हे त्याचं वैद्यकीय नाव. धडधाकट, किंबहुना जास्तच गुटगुटीत गाढव यात काही दिवसांत दगावतं, आणि ज्यांना हे दुखणं गाठतं त्यांतली बरीच वाचत नाहीत. उपाय म्हणजे काहीही करून पोटात अन्न जाऊ देणं. शिरेतून ग्लुकोज, नाकातून नळी, आणि त्याच्या जोडीला किसलेलं गाजर, पुदिना, आल्याची बिस्किटं. गाढवांना आल्याची बिस्किटं फार आवडतात. ही गोष्ट इथे गमतीची नाही, औषधपेटीतली आहे.

मन उदास असो, हे वर उगीच लिहिलेलं नाही. गाढवं जोडीने राहतात. दोन माद्या, आई आणि मोठी झालेली लेक, कधी गाढव आणि शेतावरचं तट्टू, कुणाचं कुणाशी जमेल सांगता येत नाही. पण जमलं की जन्माचं. ताटातूट झाली की मागे राहिलेलं खाणं सोडतं, आणि तिथून वरचं चक्र सुरू होऊ शकतं. त्यामुळे एक आजारी पडलं तर दवाखान्यात दोघांना नेतात. दुसऱ्या कुणाच्या घरी सांभाळायला देतात तेही जोडीनेच, आणि मालकी संस्थेकडेच राहते. आणि एक मेलं तर दुसऱ्याला त्याच्याजवळ राहू देतात. ते हुंगतं, नाकाने ढोसतं, आजूबाजूला फिरतं. स्वतःहून चरायला वळेपर्यंत कुणी मृतदेह हलवत नाही. ही भावुक प्रथा वाटेल, पण ती रक्ततपासण्यांच्या अनुभवातून आलेली आहे.

हे ज्ञान पूर्वी कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत गाढव म्हणजे लहान घोडा. प्रत्यक्षात घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. फेनिलब्युटाझोन हे नेहमीचं वेदनाशामक गाढवाचं शरीर घोड्यापेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणजे घोड्याच्या वेळापत्रकाने डोस दिला तर मधल्या वेळात ते कळ सोसत उभं राहतं. आणि तक्रार तर करणार नाही! संस्थेने स्वतःची प्रयोगशाळा उभारली, मेलेल्या गाढवांची शवचिकित्सा करून नोंदी ठेवल्या, आणि पशुवैद्यांसाठी खास गाढवाचं हस्तपुस्तक काढलं. गाढवं सांभाळणाऱ्या संस्था आणखीही आहेत. पण आपल्याला काय माहीत नाही याची यादी करून बसणारी संस्था विरळा.

आता अडचणींकडे. पहिली अडचण आयुष्याची. चांगलं सांभाळलेलं गाढव तीस वर्षं आणि त्याहून जास्त जगतं. दारातून आत घेतलेल्या प्रत्येक गाढवाला जन्मभर सांभाळण्याचं वचन दिलेलं असतं, म्हणजे आज घेतलेल्या तान्ह्या गाढवाचा चारा पुढच्या पिढीतल्या विश्वस्तांना भरायचा आहे. आणि पैसा येतो तो मुख्यतः मृत्युपत्रांतून. फिलपिनबाईंनी गाढवं ठेवली, नंतरच्या लोकांनी रकमा ठेवल्या. फार्मवर जागोजागी दात्यांच्या नावांच्या पाट्या दिसतात. दुसरी अडचण ब्रिटिश गवताची. त्यात साखर इतकी की गाढवं उपाशी मरण्याऐवजी लठ्ठ होतात. मानेवर चरबीची कड चढते, ती कलंडली की पुन्हा सरळ होत नाही, खुरांना सूज येते. म्हणून त्यांचा मुख्य आहार जवाचं वाळलेलं काड. लाडाने पाव आणणाऱ्या पाहुण्यांना इथे हात जोडून थांबवावं लागतं.

या अडचणी मात्र कुंपणाच्या आतल्या. बाहेरच्या अडचणीपुढे त्या क्षुल्लक आहेत. चीनमध्ये ‘अजियाओ’ नावाचं टॉनिक विकतात. गाढवाचं कातडं उकळून काढलेल्या जिलेटिनचं ते असतं. एकेकाळी सम्राटांच्या घराण्यांपुरतं असलेलं हे औषध मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं आणि चीनमधली गाढवं संपत चालली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक कोटीहून जास्त गाढवं होती, आता वीस लाखांच्या आत आहेत. मग मोर्चा आफ्रिकेकडे वळला. संस्थेच्याच २०२४ च्या अंदाजाप्रमाणे या धंद्याला वर्षाला किमान ५९ लाख कातडी लागतात. एका बाजूला एकेक खूर काही आठवड्यांनी थोडा थोडा तासणारी माणसं, दुसऱ्या बाजूला वर्षाला ५९ लाख. हिशेब कुठेच बसत नाही. केनियात लोकांची गाढवं रात्रीतून चोरीला जाऊ लागली. ती गेली की पाणी आणि सरपण बाईच्या डोक्यावर येतं, नाहीतर शाळेतून काढलेल्या मुलीच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकन युनियनने कातड्यांसाठीच्या कत्तलीवर पंधरा वर्षांची बंदी जाहीर केली. तिची अंमलबजावणी प्रत्येक देशाने आपापली करायची आहे.

आपल्याकडचे आकडेही बरे नाहीत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती. २०१९ मध्ये सुमारे १ लाख २० हजार उरली. म्हणजे सात वर्षांत सुमारे ६१ टक्के घट. ट्रॅक्टर आला, टेम्पो आला, धोब्यांचा धंदा बसला, ही कारणं खरीच. चोरटी कत्तल हेही कारण आहे. तरी पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो, कानिफनाथांच्या यात्रेला मढीलाही भरतो. दात पाहून वय, म्हणजे दुवान की चौवान, ठरवतात, काठेवाडी गाढवाला गावठीपेक्षा जास्त भाव मिळतो. वडार, बेलदार, कैकाडी, कुंभार, वैदू अशा समाजांतली माणसं अजूनही गाढवावर पोट भरतात, आणि वीटभट्टीवर किंवा गडाच्या अवघड वाटेवर अनेकदा दुसरं वाहन चालत नाही.

या गाढवांसाठी सिडमथसारखी आश्रयस्थानं काढून भागणार नाही, आणि गाढव ज्यांच्या चुलीशी बांधलेलं आहे त्यांना दोष देऊनही नाही. एक साधी गोष्ट मात्र करता येईल. ओझ्याच्या जनावरांसाठीचे केंद्र सरकारचे नियम १९६५ पासून लागू आहेत, आणि त्यांत गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो ओझं सांगितलं आहे. सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं असतं. पुढच्या वेळी एखाद्या गडावर दुरुस्तीचं काम चाललेलं दिसलं आणि दोन पोती लादलेलं गाढव वर चढताना दिसलं, तर ते हाकणाऱ्याशी भांडू नका. काम देणाऱ्या ठेकेदाराचं नाव विचारा आणि त्याच्याकडे तक्रार करा.