पाचुंद्याचे गणित

लातूर जिल्ह्यातील मुरुडच्या पंचक्रोशीत, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, कडब्याच्या पेंढ्या पाचांनी मोजण्याची जुनी चाल आहे. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. वीस पाचुंदे झाले की शेकडा भरला. पाचाच्या पाढ्याचा याहून सुबोध अर्थ कोणता?

तथापि पुष्कळ घरांतून मूल पाढा नुसता घोकते. ‘पंधरानंतर काय?’ असे मध्येच विचारले, की ते पुन्हा ‘पाच एके पाच’पासून आरंभ करते. पाढा जिभेला येतो, हाताला येत नाही.

यास्तव प्रथम चिंचोक्यांचे पाच-पाचांचे ढीग मुलाकडूनच करवावे. प्रत्येक ढिगावर बोट ठेवून त्याने पाच, दहा, पंधरा म्हणावे. मग एक ढीग उचलून ‘आता किती राहिले?’ असे विचारावे, म्हणजे उलट मोजणीही उमगते. पुढे अंगणात पंचवीस घरे आखून दर पाचव्या घरावर उडी मारवावी.

साधनांस खर्च लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा खडे, शिंपले, बिया हीच साधने मानली.

पाठांतर त्याज्य नव्हे. ते ढिगांमागून यावे, इतकेच. पाचुंदे स्वतः रचलेल्या मुलास पाढा विसरला, तरी तो पुन्हा मांडता येतो.