शिक्षकखोलीची खिडकी

सोमवार, २३ नोव्हेंबर २०२०. मार्चपासून बंद असलेल्या शाळा नववी ते बारावीसाठी उघडायच्या असं सरकारनं ठरवलं होतं, पण शेवटचा निर्णय ज्या त्या जिल्ह्यावर सोडला होता. मुंबई-पुण्यानं इतक्यात नको म्हटलं. आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्यानं हो म्हटलं.

सकाळी सहाला चहाच्या आधी मोबाइल हातात. स्टाफच्या ग्रुपवर रात्रीपासून रिपोर्ट पडत होते. शाळा उघडण्याआधी शिक्षकांची आरटीपीसीआर सक्तीची होती, त्यामुळे दिवाळी सरते न सरते तोच तालुक्यातले सगळे मास्तर दवाखान्यासमोर रांगेला. त्या आठवड्यात मी पाहिलेली सगळ्यात दाट गर्दी तीच. माझा स्वॅब गुरुवारी घेतला आणि 'निगेटिव्ह' आलं शनिवारी रात्री. म्हणजे गुरुवारी मला काही नव्हतं, एवढंच कळलं. शुक्रवार-शनिवारचं त्या कागदाला काय ठाऊक? आणि शुक्रवार-शनिवार आम्ही सगळे मिळून शाळा झाडत होतो.

गणिताच्या सरांचा रिपोर्ट अजून 'पेंडिंग' होता. मुख्याध्यापकांनी ग्रुपवर टाकलं, "रिपोर्ट हातात आल्याशिवाय कोणीही शाळेत पाऊल टाकू नये." सरांनी अंगठा पाठवला.

साडेआठला निघाले. तालुक्याहून आम्ही बरेच जण अप-डाउनवाले. कोणी एसटीनं, कोणी वडापनं, आणि चार-पाच जणांनी मिळून एका सरांची गाडी लावलेली. सकाळचा गारठा म्हणून तिच्या काचा वर. सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून अर्धा तास. हेच लोक शाळेच्या फाटकात उतरले की मुलांना "सहा फूट, सहा फूट" म्हणून ओरडणार! पुढच्या वर्षी जुलैत कोविडमुक्त गावांतल्या शाळा उघडताना, शिक्षकांनी गावातच राहावं किंवा सार्वजनिक वाहन टाळावं, असं सरकारी सूचनांमध्ये आलं. त्यात तथ्य होतं. पण गावात भाड्यानं खोली कोण देणार होतं? मे महिन्यात मुंबईहून आलेल्या स्वतःच्या पुतण्याला घरात न घेता शाळेत ठेवणारं गाव ते. मी आपली स्कूटी काढली. सासूबाईंना मधुमेह, वय चौऱ्याहत्तर. घरातून निघताना त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझा डबा त्यांनी वेगळ्या पिशवीत भरून दिला.

सव्वानऊला शाळेत पोचले. मुलं यायला अजून सव्वा तास. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात विलगीकरण कक्ष होता, त्यानंतर ग्रामपंचायतीनं हायपोक्लोराइट फवारून घेतलं, आणि शनिवारी आम्ही परत फवारलं. बाकं, फळे, कड्या, नळ, सगळं पुसून झालेलं. मैदानात चुन्याचे गोल आखलेले. फोटोही काढून झाले होते, कारण फोटो वर पाठवायचे असतात.

खिडक्यांकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. कित्येक महिने बंद. कड्या गंजून चौकटीत रुतलेल्या. मी शिपाईमामांना हाक मारली. ते रॉकेलचा बुधला आणि हातोडी घेऊन आले.

"मॅडम, ह्या खिडकीची कडी पार धरलीया बघा."

"मामा, नाही निघाली तर काच काढू. पण उघडायची."

वर्गाच्या निघाल्या. शिक्षकखोलीची राहिली. तिथं एकच खिडकी, आणि तिच्यापुढं जुन्या उत्तरपत्रिकांचं लोखंडी कपाट. मी सरस्वतीच्या तसबिरीपुढची एक अगरबत्ती पेटवली आणि खोलीच्या मधोमध टेबलावर उभी केली. विज्ञानाची शिक्षिका असल्याचा एवढा तरी उपयोग. धूर सरळ वर गेला, पंख्यापाशी अडखळला आणि छताखाली पसरून तिथंच राहिला. पंखा लावला, तर तोच धूर सगळ्यांच्या खुर्च्यांवर खाली आला. पंखा हवा ढवळतो, बदलत नाही, हे पुस्तकात नसलं तरी डोळ्यांना दिसत होतं. मग तीच अगरबत्ती दहावीच्या वर्गात नेली. तिथं समोरासमोर खिडक्या. दोन्ही बाजू उघडल्यावर धूर आडवा झाला आणि खिडकीतून निघून गेला.

मुख्याध्यापक दारात उभे राहून बघत होते. मे महिन्यात निवृत्त व्हायचे, रक्तदाबाची गोळी चालू, स्वभावानं कागदावर चालणारे. मी त्यांना जेरुसलेमची हकीकत सांगितली. तिथल्या एका हायस्कुलात मे महिन्यात, शाळा उघडून जेमतेम दहा दिवस झाले असताना साथ फुटली होती. उष्णतेची लाट आली म्हणून मुलांना मास्कची सूट दिली, एसी सुरू, वर्ग गच्च. १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित. "कड्या पुसल्या नव्हत्या म्हणून नाही, सर. हवा कोंडली होती म्हणून."

सर म्हणाले, "परिपत्रकात शिक्षकखोलीबद्दल काय आहे?"

त्यांनी ते परत चाळलं. एका बाकावर एक विद्यार्थी होतं, पालकांचं संमतीपत्र होतं, एकाआड एक दिवस निम्मी मुलं होतं, चार तासांपेक्षा जास्त शिकवायचं नाही हेही होतं. मग त्यांनी शिक्षकखोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आमच्या खुर्च्या व्यासपीठावर गेल्या, गॅदरिंगला जिथं नाटकं होतात तिथं. तीन बाजूंनी उघडं, वर पत्रा. कपाट हलवण्यापेक्षा हे सोपं होतं.

साडेदहाला फाटक. क्रीडाशिक्षकांच्या हातात तापमापक बंदूक. गारठ्यातून सायकल मारत आलेल्या पोरांच्या कपाळावर ती ९३, ९४ असे आकडे दाखवत होती. एकाचं तर ९१ आलं. तो मेला तर नाही ना, म्हणून पोरं हसली. ऑक्सिमीटर गार बोटांवर आकडाच दाखवीना. लक्षणं दिसायच्या आधी एक-दोन दिवस माणूस आजार पसरवतो, त्याला ताप नसतो, तो या बंदुकीतून आरामात निघून जातो. तरी ते काम करावं. आजारी मुलाला घरी ठेवायचं असतं हे आईबापांना त्यामुळं तरी पटतं. पण त्याला सुरक्षा म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये.

अकराला टोल. परिपाठ नाही, प्रार्थना नाही. राज्यभरात त्या दिवशी मिळून तीनेक लाख मुलं शाळेत आली. या चार इयत्तांच्या पटावरची संख्या एकोणसाठ लाखांच्या घरातली. आमच्याकडं दहावीची मुलं बरी आली, नववीची तुरळक.

इथं एक गोष्ट मला पहिल्या तासालाच कळली. वर्ग निम्मा केला की मुलांची गर्दी निम्मी होते, पण शिक्षकाचा वावर दुप्पट होतो. एकाच तुकडीची मुलं दोन खोल्यांत बसवली, तर मी 'विद्युतधारेचे परिणाम' आधी या खोलीत सांगायचं, मग त्या खोलीत. मुलं जागेवर, आम्ही फिरते. विषाणूला गावभर फिरायचं असेल तर त्याला शिक्षकाइतकं सोयीचं वाहन नाही. मुख्याध्यापकांनी रविवारी बसून वेळापत्रक मोडलं होतं ते याचसाठी: पस्तीस मिनिटांचे तास काढून तासाभराचे केले, म्हणजे एका शिक्षकानं दिवसाला दोनच खोल्या. कोणत्याही परिपत्रकापेक्षा या बदलानं आमचं जास्त रक्षण केलं असं माझं मत आहे.

आवाजाचं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. मास्कमधून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडलं की तोंडातून कण जास्त उडतात, शिवाय धाप लागून मास्क नाकाखाली येतो. मी गॅदरिंगचा छोटा स्पीकर आणि कॉलरचा माइक मागवला. पोरांना गंमत वाटली. मागून एकजण म्हणाला, "मॅडम, लावणी लावा." मास्कमुळं कोण बोललं ते कळलं नाही, हाही एक नवा त्रास.

तीनला मुलं घरी. मग डबे. व्यासपीठावर अर्धवर्तुळात खुर्च्या मांडलेल्या, पाठीला वारा. चित्रकलेचे सर कुरकुरले, "असं काय भिकाऱ्यासारखं उघड्यावर बसून खायचं?" खरं म्हणजे शिक्षकाचा मास्क दिवसभरात उतरतो तो एवढ्यासाठीच, जेवायला आणि चहाला, आणि तोही एकमेकांसमोर. मुलांपासून आम्हाला जेवढी भीती घातली जात होती, त्याहून जास्त धोका या डब्यांशी होता. वांग्याची भाजी फिरवायची सवय जाता जात नाही. त्या दिवशी ती फिरली नाही.

चार ते पाच, घरी राहिलेल्या मुलांसाठी तोच धडा मोबाइलवरून परत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अर्ध्यांची रेंज गेली.

पाचला गूगल फॉर्म. पट किती, उपस्थिती किती, संमतीपत्रं किती, थर्मल गन आहे का, ऑक्सिमीटर आहे का, सॅनिटायझर किती लिटर, किती शिक्षकांची चाचणी झाली. खिडक्या किती उघडतात, हा रकाना नव्हता. शिक्षक जेवतात कुठं, हाही नाही. लसीचा तर तेव्हा प्रश्नच नव्हता. पुढं लस आली तीही शिक्षक म्हणून आमच्या वाट्याला आली नाही. ज्याचं वय साठ, मग पंचेचाळीस, त्याला मिळत गेली. शिक्षकदिनाच्या आत सगळ्या शिक्षकांना लस द्या, असं केंद्रानं राज्यांना सांगितलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती.

सातला घरी. मागच्या दारानं मोरीत, अंघोळ, कपडे गरम पाण्यात.

साडेनऊला मुख्याध्यापकांचा फोन. गणिताच्या सरांचा रिपोर्ट आला होता, पॉझिटिव्ह. आज ते आले नव्हते, नियम पाळला गेला होता. पण नियम सोमवारपासूनचा. शनिवारी ते आमच्याबरोबर बाकं उचलत होते.

"मॅडम, शनिवारी वडे आले तेव्हा खोलीत कोण कोण होतं?"

मी माझा वडा घेऊन व्हरांड्यात गेले होते, सासूबाईंमुळं तेवढी सवय लागलेली. आत बसलेल्यांची नावं आठवून सांगितली. इंग्रजी, भूगोल, क्रीडा, लिपिक. दार लोटलेलं, पंखा चालू, कपाटामागं ती खिडकी. सर एकेक नाव लिहून घेत होते, शेवटी म्हणाले, "आणि मी." या सगळ्यांना आता घरी बसून परत स्वॅब द्यायचा होता.

मग वेळापत्रक. नववी आठवडाभर बंद. दहावी चालू ठेवायची. विज्ञान आणि मराठी जाग्यावर आहेत, चित्रकलेचे सर इतिहास घेतील. गणिताचं काय? सरांना ताप नव्हता, चवही शाबूत होती. ते घरून फोनवर शिकवायला तयार होते. फळ्यावर लिहायला मी उभी राहायचं ठरलं. मी मामांना फोन करून सकाळी लवकर यायला सांगितलं. स्पीकर फोनला जोडायचा तर लांब वायर लागणार होती, आणि ती कुलूप लावलेल्या शिक्षकखोलीत होती. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.